पहाटे पाचची सभा

पिएवेसोत्तो गावाच्या बँडची वार्षिक सभा जवळ आली की बेकरीच्या काचेवर, बारच्या दारावर आणि चर्चबाहेरच्या फळ्यावर एकेक कागद लागायचा. त्यावर सभेच्या दोन वेळा असायच्या. पहिलं बोलावणं रविवारी पहाटे पाच वाजता, दुसरं त्याच दिवशी दुपारी तीन वाजता. पहिल्या सभेला निम्म्याहून जास्त सभासद हजर लागतात, नाहीतर ती भरलीच नाही असं धरतात. दुसरीला येतील तेवढ्यांवर काम भागतं. निम्मे सभासद एका वेळी एका खोलीत जमणं शक्य नाही हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून पहिली वेळ मुद्दाम अशी ठेवायची की कोणी चुकूनही येऊ नये. नियमही पाळला जातो आणि झोपही मोडत नाही. आसपासच्या सगळ्या गावांत हीच रीत होती. पहाटेच्या सभेला फक्त घुबडं असतात, असं बारवाली वांदा म्हणायची.

हा कागद इरिदे बान्योली लिहायची. तरुणपणी ती घरीच मशीनवर कारखान्यांसाठी स्वेटरच्या बाह्या विणत असे. नुसत्या बाह्या. पूर्ण स्वेटर कसा दिसतो ते तिला दुकानातच बघायला मिळायचं. बँडच्या निळ्या कोटांची उसवलेली शिवण आणि तुटलेली बटणंही तिच्याकडे यायची. एकदा ती दुरुस्त केलेले कोट परत द्यायला गेली तेव्हा जुन्या दूधडेअरीच्या माडीवर बँडची निवडणूक चालली होती. कोणीतरी गंमत म्हणून तिचं नाव चिठ्ठीवर लिहिलं, दुसऱ्यांनी त्या गमतीत भर घातली आणि सगळ्यांत कमी मतं मिळवून ती कार्यकारी मंडळाची पाचवी सभासद झाली. मंडळात तोवर बाई नव्हती. पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं आणि अक्षर बरं आहे म्हणून तिला चिटणीस केलं.

"बटणं लावणारी आता इतिवृत्त लिहिणार," मंडळातला सगळ्यांत तरुण गडी म्हणाला. तो ओरिआनो फेर्रारीनी. फरशीच्या कारखान्यात भट्टीवर होता आणि बँडमध्ये बोंबार्दिनो नावाचं पितळी धूड वाजवायचा.

"तुझंही बटण मीच लावलंय," इरिदे म्हणाली. "पोटावरचं. तिथे दोरा दुहेरी घ्यावा लागला."

सगळे हसले, सगळ्यांत मोठ्याने ओरिआनो. पुढे तिने त्याच्याशीच लग्न केलं.

पाच जणांचं हे मंडळ म्हणजे गावातलं दुसरं सरकारच. सभासदांनी पाच जण निवडायचे, त्या पाचांनी आपसांत अध्यक्ष ठरवायचा. बँडने कुठे वाजवायचं, कोणाच्या अंत्ययात्रेला जायचं, ट्युबाला पोचा कोणी पाडला, नव्या मुलांना क्लॅरिनेट आधी द्यायची की बासरी, सगळं मंडळाने ठरवायचं आणि काही बिनसलं की शिव्याही मंडळानेच खायच्या. बाकीचे सभासद वर्षभर बारमध्ये बसून मंडळाला नावं ठेवायचे. निवडणूक आली की मात्र प्रत्येकाची पाठ दुखायची, प्रत्येकाला शेतात काम निघायचं. त्यामुळे तीच माणसं पुन्हा पुन्हा निवडून येत. ओरिआनो एकदा अध्यक्ष झाला तो झालाच. उपाध्यक्ष लोरिस, नळदुरुस्ती करणारा आणि ट्युबा वाजवणारा. मग वांदा, ट्रॉम्बोनवाली. औषधांच्या दुकानाचा मालक, जो कधी काही बोलत नसे. आणि इरिदे.

इरिदे नवऱ्याच्या विरुद्ध मत द्यायला मागेपुढे बघत नसे. पावसात मिरवणूक काढायची की नाही यावरून एकदा त्या दोघांचं मंडळात असं जुंपलं की घरी चार दिवस अबोला होता. "ओरिआनोला घरात एक मत आहे आणि मंडळात तेही नाही," असं गाव म्हणायचं. ओरिआनोला ते आवडायचं. तो म्हणायचा, "माझ्या बायकोने हात वर केला की मी निश्चिंत असतो. मी चुकत असेन तर ती खाली ठेवेल."

अशी वर्षं गेली. मुलगी मोइरा मोठी झाली, बोलोन्याला गेली, तिला मूल झालं. ओरिआनो भट्टीवरून निवृत्त झाला आणि मग तर बँडच त्याचं घर झालं.

गेल्या वर्षीच्या सभेच्या दिवशी पहाटे इरिदेला जाग आली तेव्हा शेजारची बाजू गार पडली होती. स्वयंपाकघरात तो नव्हता. खुंटीवरचा निळा कोट नव्हता. ती गाऊनवर ओव्हरकोट चढवून बाहेर पडली. डेअरीच्या माडीवर दिवा दिसला.

ओरिआनोने सगळ्या खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. स्वतः समोर टेबलाशी बसला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून, टोपी समोर ठेवून.

"बघ," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता आणि रागाच्या खाली काहीतरी ओलं होतं. "बघ, एकही माणूस आला नाही. पाचची वेळ दिलेली आहे. लिहून दिलेली आहे. या बँडचं झालंय काय, इरिदे? आपण कोणासाठी करतो हे?"

आधी तिला हसूच आलं. तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. "चल की घरी, घुबडा," ती म्हणाली. तो उठला नाही. तो रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा बघता बघता इरिदेला कळलं की ही थट्टा नाही. पहाटेची ही युक्ती याच माणसाने वर्षानुवर्षं तिला सांगून लिहून घेतली होती.

त्या दिवशी दुपारी तो नेहमीसारखा बोलला, हसला, पुन्हा निवडून आला. इरिदेने कोणाला काही सांगितलं नाही. एखादा दिवस असतो तसा, तिने स्वतःची समजूत घातली. पण ती डोळ्यांत तेल घालून बघू लागली आणि बघू लागल्यावर दिसायला लागलं. तो साखरेचा डबा हातात घेऊन साखर शोधायचा. मोइराशी फोनवर बोलताना नातवाचं नाव यायच्या जागी थांबायचा आणि "आपला पैलवान" म्हणून वेळ मारून न्यायचा.

"मम्मा, पापा ठीक आहे ना?" मोइराने एकदा विचारलं. "मला एकच गोष्ट तीनदा विचारली त्याने."

"तू बोलतेस किती हळू," इरिदे म्हणाली. "आणि बाळाला टोपी घाल. खोकतोय, ऐकू येतंय मला." फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ ओट्याशी उभी राहिली. पोरीच्या डोक्यावर आधीच रात्रीची जागरणं, नोकरी, पाळणाघर. त्यात हे कुठे टाकायचं? आईने इतकं तरी आपल्याजवळ ठेवावं.

मंडळाच्या बैठकीत ती आता ओरिआनोच्या डावीकडे बसायची. तो अडखळला की नाव पुढे करायची, तारीख पुढे करायची, जणू तीच उतावीळ झालीय. "इरिदे, तुझा नवरा बोलेल की," वांदा टोमणा मारायची. "त्याच्या तोंडात जीभ आहे, की तीही तूच शिवलीस?" इरिदे हसायची. गावाने तिला म्हातारपणी तोंडाळ झाली म्हटलं तरी चालणार होतं.

ऑगस्टमध्ये मेरीमातेच्या सणाला मात्र झाकलेलं उघडं पडलं. त्या दिवशी बँड वरच्या रोंकाल्या गावात वाजवणार असं मंडळात ठरलं होतं. ओरिआनोने दरम्यान नदीकाठच्या मोलिनेत्तोच्या माणसालाही शब्द दिला होता आणि कोणाला सांगायला विसरला होता. मुलांच्या बसवाल्याशी बोलायचं काम त्याच्याकडे होतं. मोठी माणसं आपापल्या गाड्यांनी वर पोचली. लहान मुलांची बस खाली गेली. बासरीवाली, ढोलवाली, सगळी चिल्लीपिल्ली भर उन्हात एका बंद शाळेच्या दाराशी उतरली आणि बस निघून गेली. वर मिरवणुकीला सूर होता पण ताल नव्हता, आणि खाली ढोल होता पण वाजवायला सांगणारं कोणी नव्हतं. एका मुलीला चक्कर आली. आयांचे फोन सुरू झाले ते थेट इरिदेला.

त्या आया काय काय बोलल्या ते तिने खाली मान घालून ऐकून घेतलं. त्यांच्या जागी ती असती तर तीही तेच बोलली असती. ओरिआनोला तिने संध्याकाळी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बसवाला गाढव आहे," आणि शांतपणे कलिंगड कापत राहिला.

दुसऱ्या दिवशी लोरिस आला. हातात पाना होता.

"बायकोला सांगून आलोय की तुझा नळ गळतोय," तो दारातच म्हणाला. "ओरिआनो कुठाय?"

"मागे, कोंबड्यांजवळ. बस. कॉफी टाकते."

लोरिस बसला आणि पाना टेबलावर इकडून तिकडे फिरवत राहिला. "इरिदे, तो ठीक नाहीये."

"थकलाय. ऊन किती आहे."

"इरिदे."

तिने कॉफीचं भांडं विस्तवावर ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"अध्यक्ष शब्द देतो तो आपल्या सगळ्यांचा शब्द असतो," लोरिस म्हणाला. "आपण पाच जण मिळून जबाबदार. काल ती पोर नुसती चक्कर येऊन पडली. उद्या आणखी काही झालं तर मी तिच्या आईसमोर कोणत्या तोंडाने उभा राहू? तू राहशील?"

"नाही," इरिदे म्हणाली.

"मार्चमध्ये मंडळाची मुदत संपतेय. त्याने स्वतःहून सांगावं की आता नवा माणूस बघा. आम्ही टाळ्या वाजवू, मानाचा अध्यक्ष करू, काय हवं ते करू. पण आम्हाला त्याच्या तोंडावर हात वर करायला लावू नकोस. माझ्याच्याने होणार नाही ते. मला ट्युबा धरायला त्याने शिकवलंय."

"मी सांगते त्याला," ती म्हणाली. "सभेच्या आत सांगते. तो स्वतः उभा राहून बोलेल. तोवर बाहेर काही जाऊ देऊ नका."

"तोवर बसवाल्याशी मी बोलेन," लोरिस म्हणाला. जाताना त्याने खरोखरच नळ उघडून बघितला आणि उगाच एक पेच आवळला.

सांगते म्हणणं सोपं होतं. द्राक्षं तोडायचा हंगाम गेला, चेस्टनट भाजून झाले. रोज सकाळी ती ठरवायची आणि रोज काहीतरी असं व्हायचं की आज नको. एखादा दिवस त्याचं डोकं लख्ख असायचं, मग त्या चांगल्या दिवसाला गालबोट कशाला? एखादा दिवस वाईट असायचा, मग सांगून कळणार काय?

नाताळच्या आदल्या दिवशी दोघं कापेल्लेत्ती, म्हणजे टोपीच्या आकाराच्या पास्त्याच्या इवल्या करंज्या, वळत बसली होती. ती लाटून तुकडे पाडत होती आणि तो सारण भरून दुमडत होता. बोटं मुळीच विसरली नव्हती. ताटात एकसारख्या टोप्या ओळीने उभ्या राहत होत्या. त्या ओळी बघून तिला धीर आला.

"ओरिआनो, मी म्हणते, आता अध्यक्षपद दुसऱ्या कोणी बघितलं तर?"

"कोणी? लोरिसने? त्याला नळाशिवाय कोणाशी बोलता येत नाही."

"शिकेल की. तूही शिकलासच."

त्याची बोटं थांबली. त्याने वर बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत तिला पहिल्यांदाच भीती दिसली. शाळेतून घरी आलेल्या मुलाची असते तशी, घरी आधीच कळलंय का, अशी.

"मंडळात काही बोलणं झालं का? माझ्या पाठीमागे?"

"नाही रे."

"कारण मला काढलं तर चालेल, इरिदे. मला दिसतं की, काही काही निसटतं माझ्या हातून. तुम्हाला वाटतं मला दिसत नाही. पण पाठीमागे नको. पाठीमागे कुजबुज केलेली माणसं मी बघितलीत भट्टीवर. काय असेल ते मला समोर सांगा. मी कोट उतरवून देईन."

हीच ती वेळ होती. दार त्याने स्वतः उघडून धरलं होतं. इरिदेच्या ओठांवर शब्द आले. लोरिस आला होता, सगळ्यांना कळलंय, ती मुलगी पडली. आणि ती म्हणाली, "कोणी काही बोललं नाही. मीच आपली म्हटलं."

"मग ठीक," तो म्हणाला आणि पुढची टोपी दुमडली.

असं दार पुन्हा उघडलं नाही. जानेवारीत त्याला न्यूमोनिया झाला. तापातून उठला तो वेगळाच माणूस होऊन उठला. मधले सगळे जिने तो एका उडीत उतरला होता. आता त्याला कधी इरिदे कळायची, कधी ती त्याची आई असायची, कधी कामाला आलेली बाई. तो तिच्यावर कधी ओरडला नाही. ओळख नसली की उलट फार अदबीने वागायचा आणि ती अदब तिला शिव्यांपेक्षा जड जायची.

सभेचा कागद तिने फेब्रुवारीच्या शेवटी लिहिला. हात बाह्या विणताना चालायचा तसा चालला. पहिलं बोलावणं पहाटे पाच वाजता, दुसरं दुपारी तीन. बेकरीच्या काचेवर लागलेला कागद बघताना तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं. पहिली वेळ आदल्या दुपारची टाकता आली असती, कुठलीही टाकता आली असती. तो कागद लिहिणारा हात तिचा होता, तिला कोणी अडवलं नव्हतं. पण गावभर लागलेली सूचना आता बदलता येत नाही, आणि बदलायची तर कारण सांगावं लागलं असतं. ओरिआनो शेजारी उभा राहून बोट ठेवून वाचत होता. "पहाटे पाच," तो म्हणाला. "चांगली वेळ आहे. हवा स्वच्छ असते."

रविवारी पहाटे त्याने कोट चढवला तेव्हा ती जागीच होती. तिने त्याला अडवलं नाही. त्याला जाऊ दिलं, स्वतः कपडे केले, आणि मागोमाग निघाली.

माडीवर खुर्च्या मांडून झाल्या होत्या. तो टेबलाशी बसला होता. तिला दारात बघून तो उठून उभा राहिला.

"या बाई, या. तुम्ही एकट्याच?"

"एकटीच."

"बाकीचे येतील. बसा. तुम्ही लिहिणाऱ्या आहात का? बरं झालं. लिहिणारं माणूस नसलं की सभा म्हणजे नुसत्या गप्पा." त्याने इतिवृत्ताची वही तिच्याकडे सरकवली. इरिदे तिच्या नेहमीच्या जागी, त्याच्या डावीकडे बसली.

त्याने खिडकीबाहेर बघितलं, घसा साफ केला आणि हजेरी घ्यायला लागला. नावं त्याला बरोबर आठवत होती. "लोरिस? नाही. वांदा? तिला या वेळी कोण उठवणार, तोफ लावावी लागेल." तो स्वतःशीच हसला. "औषधवाला? तो असला काय आणि नसला काय, सारखाच. इरिदे बान्योली?"

"हजर," ती म्हणाली.

त्याने तिच्या खांद्यावरून मागच्या रांगांकडे बघितलं, मग दुसऱ्या बाजूला बघितलं. "दिसत नाही," तो म्हणाला. "येईल ती. ती चुकवत नाही." तिने लिहिलं नाही. पेन कागदावर टेकवून ती नुसती बसली.

"अध्यक्ष?" ओरिआनो म्हणाला.

खोलीत कोणी हललं नाही. तो वाट बघत राहिला. त्याने मान कलती करून जिन्याकडे कान दिला. खालून बेकरीचं शटर वर गेल्याचा आवाज आला, बाकी काही नाही.

"अध्यक्ष आलेले नाहीत," शेवटी तो नाराजीने म्हणाला. "सभेला अध्यक्षच नाही. लिहा बाई. गैरहजर, कारण न कळवता."

तिने पेन वहीत आडवं ठेवलं.

"लिहा की. अध्यक्ष असला म्हणून काय झालं? नियम त्यालाही आहे. तीनदा असं झालं की नाव कमी करायचं. मागे आपण एका तुतारीवाल्याचं केलं होतं. रडला होता तो. पण केलं."

"कारण कळवलंय," इरिदे म्हणाली.

"कोणी?"

"त्यांच्या बायकोने. निरोप आहे माझ्याजवळ."

"मग आधी सांगायचं नाही का? काय म्हणते?"

"म्हणते, ते आजारी आहेत. सभेला येऊ शकणार नाहीत."

"आजारी?" त्याचा सगळा राग उतरला. तो पुढे वाकला. "फार?"

"फार."

"बरे होतील ना?"

असं तिला कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टर आकृती काढून समजावत होते, लोरिस पाना फिरवत होता, मोइराला अजून ती सर्दी-खोकलाच सांगत होती. विचारणारा हा एकच भेटला होता आणि तो अगदी मनापासून विचारत होता.

"नाही," ती म्हणाली. "बरे होणार नाहीत."

ओरिआनोने टेबलावरची टोपी उचलून मांडीवर ठेवली. "असं आहे तर गैरहजर लिहू नका. कारण कळवलं म्हणून लिहा. माणूस आजारी पडला म्हणून त्याच्या नावापुढे रेघ ओढायची नसते." थोड्या वेळाने तो म्हणाला, "आणि ती बाई? ती एकटीच सगळं बघते?"

"एकटीच."

"मुलंबाळं?"

"एक मुलगी आहे. लांब असते. तिला सांगितलेलं नाही."

"चुकलं तिचं," तो म्हणाला. "सांगायला हवं होतं. मुलीला राग येईल. पण घाबरली असेल बिचारी." त्याने तिच्याकडे बघितलं. "रडू नका बाई. तुमचे कोणी लागतात का ते? मंडळ कशासाठी असतं? नुसतं मिरवणुका ठरवायला? आपल्यातल्या एकाने त्यांच्या घरी जायला हवं. रोज थोडा वेळ. तिला जरा बाहेर जाता येईल, झोपता येईल. ठराव लिहा. सूचक मी. अनुमोदन कोणाचं?"

"माझं," इरिदे म्हणाली.

तिने लिहून घेतलं. त्याने वही स्वतःकडे वळवून वाचली, मान डोलावली, आणि एकाएकी कपाळावर हात मारला.

"पण आपण दोघंच आहोत. गणसंख्या नाही. हा ठराव लागू होत नाही, बाई. काय उपयोग?" तो खरोखर कळवळला होता. "दुपारी पुन्हा मांडा. तुम्हीच मांडा. विसराल नाहीतर."

घरी आल्यावर तो झोपला. इरिदेने बोलोन्याला फोन लावला आणि मोइराला सगळं सांगितलं. मोइरा आधी रडली, मग चिडली, मग म्हणाली, "मम्मा, तू जेवतेस का तरी?"

दुपारी माडी बऱ्यापैकी भरली. नवी निवडणूक होती आणि गावात कुजबुज पोचलेली होती. टेबलाशी लोरिस बसला. ओरिआनो दुसऱ्या रांगेत वांदाशेजारी होता, कोट घालून. समोर जाऊन बस असं त्याला कोणी म्हटलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

सभेच्या सुरुवातीला चिटणिसाने सांगायचं असतं की पहिल्या बोलावण्याला कोणी आलं नाही. त्यावर मागून कोणीतरी घुबडासारखा आवाज काढतो, लोक हसतात, आणि मग काम सुरू होतं. इरिदे उभी राहिली.

"पहिल्या सभेला दोघं हजर होती," ती म्हणाली.

मागून घुबडाचा आवाज आलाच. मग तो आपोआप बंद पडला.

"गणसंख्या नसल्यामुळे ती सभा धरता येत नाही. पण तिथे झालेलं दुपारी मांडायला मला सांगितलंय." तिने वही उघडली नाही. "अध्यक्ष आजारी आहेत. यापुढे ते काम बघू शकणार नाहीत. बरे होणार नाहीत. त्यांच्या बायकोने हे आधीच कळवायला हवं होतं. ऑगस्टमध्ये मुलं उन्हात उभी राहिली, तेव्हा तिला ठाऊक होतं. तिने कळवलं नाही. तिची चूक आहे ती."

तिने नाव घेतलं नाही. दुसऱ्या रांगेकडे कोणी बघितलं नाही. सगळी माणसं आपापल्या बुटांकडे बघत होती. त्या चक्कर आलेल्या मुलीची आई भिंतीशी उभी होती, तिने तोंडावर हात ठेवला.

फक्त ओरिआनो ऐकत होता. गंभीरपणे, प्रत्येक वाक्याला मान हलवत, कोणा दूरच्या माणसाची वाईट बातमी ऐकावी तसा.

लोरिस टेबलाशी उभा राहिला. "अध्यक्षांना मोकळं करावं आणि त्यांचे आभार मानावेत," तो म्हणाला. "बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

हात वर गेले, जडशीळ, एकेक करून. ओरिआनोचा हात सरळ आणि उंच होता. सभेतलं एकही मत त्याने आयुष्यात चुकवलं नव्हतं. वांदाने त्याच्याकडे बघितलं. तिने आपला हात वर केला आणि दुसऱ्या हाताने त्याची बाही धरून ठेवली.

इरिदे उभी होती. तिचाही हात वर गेला. ओरिआनोने तिकडे बघितलं की नाही ते तिला कळलं नाही.

"आणि दुसरा ठराव," ती म्हणाली. "मंडळातर्फे कोणीतरी त्यांच्या घरी जावं. रोज थोडा वेळ. बायकोला मदत म्हणून."

"मंजूर," लोरिस घाईघाईने म्हणाला. "मंजूरच आहे. मी जाईन, वांदा जाईल. कोण कोण..."

"मी जातो," ओरिआनो म्हणाला.

तो उठून उभा राहिला होता. "मला हल्ली वेळच वेळ असतो. तुम्ही कामाची माणसं आहात, तुमची दुकानं आहेत. मी रोज जाईन. संध्याकाळीही थांबेन लागलं तर. त्या बाईला सांगा, काळजी करू नकोस म्हणावं."

लोरिसने इरिदेकडे बघितलं. तिने मान हलवली, हो म्हण, अशी.

"ठीक आहे, ओरिआनो," लोरिस म्हणाला. "तू जा."

इरिदेने वहीत त्याचं नाव लिहिलं. मग खाली वांदाचं, मग लोरिसचं. औषधवाल्याने न बोलता बोट वर केलं, त्याचंही लिहिलं. नवं मंडळ निवडायचं काम अजून बाकी होतं. चिठ्ठ्या वाटल्या गेल्या, कोणाची पाठ दुखली नाही, कोणाला शेतात काम निघालं नाही. इरिदेने चिटणीसपदासाठी आपलं नाव घालू नका म्हणून सांगितलं.

मोजणी चालू असतानाच तिने आपला ओव्हरकोट घेतला आणि ओरिआनोच्या रांगेशी आली.

"चला," ती म्हणाली. "त्या बाईंचं घर दाखवते तुम्हाला."

"लांब आहे का?" त्याने टोपी घातली.

"नाही. जवळच आहे."

जिन्यावर त्याने तिला आधी जाऊ दिलं आणि अंधार होता म्हणून तिच्या कोपराला हात दिला.